सुरतेचे मणिभाई आणि डोंगरावरची वाडी

सुरत म्हटले की आपल्याला 1664 साली शिवाजी महाराजांनी केलेली स्वारी आठवते, नाहीतर साड्या आणि हिरे. पण सुरतेच्या आग्नेयेला, सह्याद्रीची उत्तरेकडची टोके जिथे उतरू लागतात, तो वांसदा, धरमपूर, डांगचा मुलूख आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. इंग्रजी अमलात वांसदा आणि धरमपूर ही संस्थाने सुरत एजन्सीत होती. तिथे धोडिया, वारली आणि कोकणा लोक राहतात. कोकणा या नावातच कोकण आहे आणि त्यांची बोली ऐकताना मराठी माणूस जागच्या जागी थबकतो. धरमपूरहून दमण जवळ, म्हणजे हा प्रदेश आपल्या जुन्या पोर्तुगीज नकाशाच्या कडेलाच लागलेला.

या डोंगरांत पूर्वी फिरती शेती चाले. फांद्या छाटायच्या, वाळल्यावर जाळायच्या, राखेत नागली, वरी पेरायची, दोनतीन वर्षांनी ती जागा सोडून पुढे जायचे. आपल्याकडे सांगे, केपे, काणकोणात हिलाच कुमेरी म्हणत. साहेबाला ती पाहवत नसे, कारण त्याला साग हवा होता. 1842 साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलाचा पट्टा घेतला तो लाकडासाठी. पुढे वनखात्याने राखीव जंगले आखली आणि कुऱ्हाड हा गुन्हा ठरला. आपल्या शेजारच्या कानडा जिल्ह्यातही 19व्या शतकाच्या मध्यापासून कुमेरीवर निर्बंध आले.

कुमेरी निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. आग पाला खाते आणि उघडी जमीन पहिल्याच पावसात वाहते. पण त्या पद्धतीचा प्राण आगीत नव्हता. तो जमीन सोडून देण्यात होता. दहाबारा वर्षे रान पुन्हा माजे आणि माती पुन्हा तयार होई. सरकारने ती विश्रांती काढून घेतली. तेवढाच उताराचा तुकडा माणसाच्या हाती राहिला, दरवर्षी त्यावर नांगर फिरू लागला, आणि आषाढात माती ओढ्यातून अंबिकेत जाऊ लागली.

माती गेली तशी माणसेही गेली. सुरतेच्या सपाटीवर बारडोलीच्या आसपास सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊस वाढला, आणि दिवाळीनंतर डांग, खानदेशातून तोडणीच्या टोळ्या उतरू लागल्या. तिथे नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरले. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने या कोयत्यांच्या हालांवर विस्ताराने लिहिले आहे. वर्षातले सहा महिने माणूस गावात नसेल तर बांध कोण घालणार?

इथे मणिभाई देसाई येतात. जन्म 1920, सुरत जिल्ह्यातले कोसमाडा गाव. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास. 1946 साली गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रम काढला आणि हा तरुण तिथे ठेवून गेले. मणिभाईंनी उरुळीतच आयुष्य काढले. 1967 साली त्यांनी बाएफ ही संस्था स्थापली. गीर गाई, संकर, सुबाभूळ ही त्यांची ख्यातीची कामे. सुबाभळीबद्दल माझे मत फारसे बरे नाही, कारण ती आवरत नाही. पण सुरतेचा हा माणूस मराठी मुलखात राबून पुन्हा आपल्याकडच्या डोंगरांकडे वळला, हे मला विशेष वाटते. 1982 साली, ज्या वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, वांसद्यात बाएफचा ‘वाडी’ कार्यक्रम सुरू झाला.

कल्पना साधी. एका कुटुंबाने एका एकराच्या आसपास आपलीच पडीक, उताराची जमीन घ्यायची. समतल रेषेवर चर आणि बांध घालायचे, आंबा आणि काजूची कलमे लावायची, कडेने जळणाची व चाऱ्याची झाडे. कलमांच्या ओळींमध्ये नागली, तूर, उडीद, भाजी चालूच. पहिले दोनतीन उन्हाळे डोक्यावरून हंडे वाहून झाडे जगवायची, आणि ते काम मुख्यतः बायकांनी केले. झाड फळाला येईपर्यंत पोट मधल्या पिकावर. पुढे फळांवर प्रक्रिया करण्यासाठी लाछाकडी गावी ‘वसुंधरा’ सहकारी संस्था उभी राहिली.

आज संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना संवर्धन शेतीची तीन सूत्रे सांगते. माती कमीत कमी हलवावी, ती सदैव झाकलेली असावी, पिके वेगवेगळी असावीत. वाडीत तिन्ही पुरी उतरत नाहीत, ओळींमधली जमीन नांगरली जातेच. पण पाण्याचा वेग मोडला, मुळांनी माती धरली, आणि झाडाला पाणी घालायला माणूस उन्हाळ्यात घरी थांबला. माझ्या मते शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. वनखात्याने शंभर वर्षे डोंगर वाचवण्यासाठी माणसाला उतरवले, मणिभाईंच्या माणसांनी त्यालाच तिथे रोवले.

मणिभाई 1993 साली गेले. त्यानंतर वाडी धरमपुरात पसरली, मग महाराष्ट्रात जव्हार, मोखाड्याकडे. 2003-04 पासून नाबार्डने आदिवासी विकास निधीतून तोच नमुना देशभर नेला.

आणि काजू? पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड गोव्यातूनच देशभर गेले. सत्तरीत, सांग्यात डोंगरच्या डोंगर काजूचे आहेत. बोंडू वेचायला सोपे जावे म्हणून हंगामाआधी आपण झाडाखालची जमीन साफ करतो, पाला झाडतो, कितीदा जाळतोही. खाली तूर नाही, उडीद नाही, नाचणी तर केव्हाच गेली.