वेराला कोणी वाचवलं?

‘गुमनाम’ मी शाळेत असताना टीव्हीवर पाहिला, तो मेहमूदसाठी. राजा नवाथेंचा हा 1965चा सिनेमा अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवर बेतलाय, हे कळलं इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. मग ‘अँड देन देअर वेअर नन’ एका रात्रीत वाचली आणि चक्रावलो. सिनेमात नायक-नायिका सुखरूप. पुस्तकात बेटावरची दहाच्या दहा माणसं मरतात. (स्पॉइलर दिला, पण कादंबरी 1939ची आहे, सांभाळून घ्या.)

मी लगेच निकाल लावला, सिनेमावाल्यांनी पुस्तकाची वाट लावली. चूक. 1945 साली रेने क्लेरने हॉलिवूडमध्ये सिनेमा केला, त्यातही दोघं वाचतात. पण तो शेवट आला होता 1943च्या लंडनमधल्या नाटकातून. आणि युद्ध चालू असताना ते नाटक लिहिलं खुद्द ख्रिस्तीने!

तिची अडचण साधी होती. सगळेच मेले तर घडलं काय, हे सांगणार कोण? कादंबरीत ते काम खुन्याचं पत्र करतं, बाटलीत घालून समुद्रात सोडलेलं. रंगमंचावर बोलायला कुणीतरी जिवंत हवं.

पण कोडमध्ये नुसतं आउटपुट बदलून भागत नाही, मागचा डेटाही बदलावा लागतो. कादंबरीतली वेरा खरोखर गुन्हेगार आहे. सिरिल नावाच्या लहान मुलाला तिने मुद्दाम खोल समुद्रात पोहत जाऊ दिलं. तो बुडाला की इस्टेट त्याच्या काकाला, म्हणजे तिच्या प्रियकराला मिळणार होती. अशा बाईचं प्रेम जुळवून प्रेक्षकांना घरी कसं पाठवणार? म्हणून नाटकात ती निर्दोष ठरते. वेरा वाचली, माझी झोप उडवणारी वेरा मात्र गेली.

ती पडद्यावर परतली 1987 साली, सोव्हिएत दिग्दर्शक गोवोरुखिनच्या सिनेमात. तिथे सगळे मेल्यावर खुनी एकटाच बोलतो. सारा फेल्प्सने बीबीसीसाठी लिहिलेली 2015ची मालिका मी ऑफिसच्या बसमध्ये मोबाईलवर पाहिली. त्यात पत्रच नाही. वेराच्या गळ्यात फास, पाय कसेबसे खुर्चीवर, आणि खुनी समोर येऊन सगळं सांगतो. ती ऐकते, आणि त्याही अवस्थेत त्याच्याशी सौदा करायला लागते.