दगड झालेलं वऱ्हाड

अंबाजोगाईत जयंती नदीच्या काठाशी खडकात कोरलेलं एक लेणं आहे. अंगणात भलेथोरले दगडी हत्ती, मधे नंदीचा मंडप. हे कुणी केलं, असं गावात विचारलं तर उत्तर येतं : केलं नाही, झालं. कोकणातली योगेश्वरी आणि परळीचा वैजनाथ यांचं लग्न ठरलं. देवीचं वऱ्हाड इथवर पोचलं, मुहूर्त टळला आणि हत्तींसकट सगळे जागच्या जागी दगड झाले. परळी उरली होती जेमतेम २५ किलोमीटर. देवी कुमारिका राहिली, ती इथंच. कोकणातल्या इतक्या घराण्यांची कुलदेवता थेट बीड जिल्ह्यात कशी, याचाही उलगडा होऊन जातो.

अभ्यासक नेमका उलट्या बाजूनं येतो. त्याच्या मते हत्तीचा दगड झाला नाही, दगडाचा हत्ती झाला. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याला छिन्नी लागली ती हजारेक वर्षांमागे.

मला मात्र लेण्यापेक्षा गोष्टीच्या वयाचं कुतूहल आहे. ज्यांच्या आज्यानं इथं घाम गाळला, त्या नातवंडांना ही गोष्ट पटली नसती. कारागीर पुरते विसरले गेल्यावरच ती जन्मली असणार. नावातही एक खूण आहे. लोक या लेण्याला ‘हत्तीखाना’ म्हणतात. ‘खाना’ फारसी, सुलतानांच्या अमदानीत मराठीत मुरलेला. आणि या नावातले हत्ती ठाणावर बांधलेले आहेत, वरातीत चाललेले नाहीत; म्हणजे नाव पडलं तेव्हा ही गोष्ट रुजलेली नसावी. शिवाय नंदी! तो आहे म्हणजे हे महादेवाचं ठाणं. ‘शिवलेणी’ हे दुसरं नावही तेच सांगतं. ज्या नवरदेवाकडे वऱ्हाड निघालं होतं, तो इथं आधीच येऊन बसलेला. गोष्टीला त्याची फिकीर नाही. (कोकणातून हत्ती घाट कसे चढले, हेही तिला कुणी विचारत नाही.)

असली लग्नं इतरत्रही मोडली आहेत. कन्याकुमारीचा नवरा शुचींद्रमहून निघाला, वाटेत कोंबडा अवेळी आरवला आणि तो परतला. इंग्लंडात स्टँटन ड्र्यू गावी हजारो वर्षांचे उभे दगड आहेत. शनिवारी रात्री नाचता नाचता रविवार उजाडला, तेव्हा नाचणारं वऱ्हाड दगड झालं, असं तिथं सांगतात. म्हणजे माणसांनी मांडलेले दगड आणि मांडणाऱ्यांची विस्मृती, एवढं तिथंही होतंच.

कोकणातली नवी जोडपी लग्नानंतर योगेश्वरीच्या दर्शनाला येतात. जिचं लग्न राहून गेलं, तिचीच ओटी भरतात.