पियानो, प्रौढ शिष्य आणि मंडळी

लहानपणीं शिकलेल्या विद्येचें पुढें काय होतें, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत फारसा विचारला जात नाहीं. मूल किती लवकर शिकलें, त्यानें किती बक्षिसें मिळविलीं, याच्या नोंदी राहतात. पण तेंच मूल तीस-पस्तीस वर्षांचें झाल्यावर त्या विद्येशीं त्याचा काय संबंध उरला, याची चौकशी कोणी करीत नाहीं. संगीताच्या बाबतींत ही उपेक्षा विशेष जाणवते. एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेंतील मध्यम स्थितीच्या घरांत पियानो हें वाद्य आपल्याकडील देवघरासारखें अपरिहार्य होऊन बसलें होतें. तरीहि वाजविणारी मुलगी संसारांत पडली, कीं तें वाद्य बहुधा मुकें होई. हें सुटलेलें वादन पुन्हा हातीं धरणारीं माणसें कोण होतीं, आणि तीं परत आलीं तीं कशाच्या आधारानें, हें पाहण्यासारखें आहे.

या मुक्या पियानोची साक्ष इंग्रज कादंबरीकर्त्री जेन ऑस्टेन हिनें नोंदून ठेविली आहे. १८११ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या तिच्या कादंबरींतील लेडी मिडल्टन लग्नाचा सोहळा म्हणूनच कीं काय, वादनाला कायमची रजा देते. माहेराहून आणलेलीं गाण्यांचीं पुस्तकें पियानोवर होतीं तशींच पडून राहतात. १८१५ च्या अखेरीस निघालेल्या 'एम्मा' या कादंबरींतील मिसेस एल्टन तर एक पाऊल पुढें जाते. लग्न झालेल्या बायका संगीत सोडून देतात ही तक्रार ती स्वतःच करते, आणि त्यावर उपाय म्हणून आठवड्यास एकदां भरणारी संगीत-मंडळी काढावी असें सुचविते. ऑस्टेननें या बाईला हास्यास्पद रंगविलें आहे. त्यामुळें तिच्या तोंडची ही सूचनाहि वाचक हंसण्यावारी नेतो. पण पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर तिचें निदानहि बरोबर होतें आणि उपायहि बरोबर होता, असें म्हणावें लागतें.

पियानोच सुटण्याचें एक कारण त्या वाद्याच्या स्वभावांतच आहे. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें इ. स. १७०० च्या सुमारास तें घडविलें. पट्टी दाबतांच आंतली लहानशी हातोडी तारेवर पडते, आणि बोटाच्या जोराप्रमाणें स्वर हळू किंवा मोठा निघतो, ही त्याची नवलाई. आपल्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून वाचकांस त्याची कल्पना येईल. पण पेटी बहुधा गाणाराच्या साथीला बसते, तर पियानो एकटाच सर्व कांहीं करूं शकतो. मुख्य चाल, तिच्याखालचे साथीचे स्वर आणि लय, सर्व दोन हातांत सांपडतें. व्हायोलिन वाजविणाराला दुसऱ्यांची गरज लागते, म्हणून त्याला सोबती मिळतात. पियानो स्वयंपूर्ण, म्हणून त्याचा हौशी वादक एकाकी. त्याच्यावांचून कोणाचें अडत नाहीं, आणि त्यानें सोडून दिलें तर कोणी हांक मारीत नाहीं.

परत येणाऱ्या प्रौढाची अडचण आणखी निराळी असते. मधल्या वर्षांत त्याचा कान वाढलेला असतो. चांगलें काय हें त्याला कळतें. बोटें मात्र जेथें सोडलीं तेथेंच असतात, किंबहुना थोडीं मागेंच गेलेलीं असतात. मुलाचा कान आणि हात बरोबरीनें वाढतात, म्हणून आपण किती बेसूर वाजवितों हें मुलाला उमगत नाहीं. प्रौढाला तें पहिल्या क्षणींच उमगतें, आणि लाजेनें तो झांकण लावून टाकतो.

अनेकांना एकत्र बसवून पियानो शिकविण्याचा पहिला मोठा प्रयोग डब्लिन शहरीं झाला. योहान बर्नहार्ड लोजिये हा १७७७ सालीं जर्मनींतील कासेल येथें जन्मलेला गृहस्थ. तो लहानपणींच तिकडे येऊन लष्करी वाद्यवृंदांत बांसरी वाजवीत असे. १८१४ सालीं त्यानें 'किरोप्लास्ट' नांवाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. हें म्हणजे पट्ट्यांसमोर बसविण्याचा एक सांगाडा. त्यांत मनगट आणि बोटें ठराविक जागीं अडकून राहत. या यंत्राची पुष्कळ थट्टा झाली, आणि ती योग्यच होती. पण लोजियेची खरी युक्ति यंत्रांत नव्हती. तो एका दालनांत अनेक पियानो मांडून बारा-बारा किंवा त्याहूनहि अधिक शिष्यांना एकाच वेळीं वाजवावयास लावी. नवशिके साधी मूळ चाल वाजवीत, तर पुढें गेलेले त्याच चालीचा विस्तार करीत. सर्वांत कच्चा शिष्यहि पहिल्या महिन्यांतच एका मोठ्या नादाचा भाग होई. शिवाय स्वरसंगतीचें शास्त्रहि तो सर्वांना एकत्रच शिकवी.

खाजगी शिकवणीवर पोट असणाऱ्या शिक्षकांनीं लोजियेवर पत्रकांचा भडिमार केला. त्यानेंहि उलट पत्रकें काढलीं. १८१७ सालीं लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या सभासदांसमोर त्याच्या शिष्यांची परीक्षा झाली, तरी वाद मिटला नाहीं. लुई श्पोर या जर्मन संगीतकारानें मात्र १८२० सालीं ती शाळा पाहून अनुकूल अभिप्राय लिहिला. पुढें प्रशियाच्या सरकारनें लोजियेला बर्लिनला बोलाविलें, आणि तो तेथें सुमारें तीन वर्षें शिकवीत होता. १८४६ सालीं तो डब्लिनमध्यें वारला. त्याचें यंत्र अडगळींत गेलें. पण चुकणारा शिष्य एकटा नसला म्हणजे कमी भितो, ही गोष्ट त्याच्या दालनांत दिसून आली होती. तथापि तें दालन मुख्यतः मुलांचें होतें. प्रौढांना त्याचा लाभ व्हावयास पुढची पिढी यावी लागली.

त्या पिढींतील एक नांव एमी फे या अमेरिकन बाईचें. १८६९ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ती पियानो शिकण्यासाठीं जर्मनीला गेली. टाउझिग, कुलाक अशा मोठ्या शिक्षकांकडे ती शिकली. १८७३ च्या उन्हाळ्यांत वायमार येथें फ्रांझ लिस्ट याच्या बैठकींत तिला जागा मिळाली. या बैठकींत सर्व शिष्य एकाच दिवाणखान्यांत बसत. एकानें वाजवावें, बाकीच्यांनीं ऐकावें. म्हणजे त्या काळच्या सर्वश्रेष्ठ वादकाचें शिक्षणहि एका अर्थीं मंडळींतच चाले. परंतु तिच्या चरित्रांतील अधिक बोधप्रद भाग यानंतरचा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ती लुडविग डेपे या फारसा गाजावाजा नसलेल्या शिक्षकाकडे गेली, आणि त्यानें तिला मोठमोठ्या रचना बाजूस ठेवून अगदीं साध्या बोटांच्या अभ्यासापासून पुन्हा सुरुवात करावयास लाविली. लिस्टच्या दिवाणखान्यांत बसलेल्या प्रौढ बाईनें एकेक स्वर सावकाश वाजवीत पुन्हा पहिल्या इयत्तेंत बसावें, याला मनाचा मोठा निग्रह लागतो. हा सर्व वृत्तांत तिनें घरीं पाठविलेल्या पत्रांत आहे, आणि तीं पत्रें पुस्तकरूपानें पुष्कळ वाचलीं गेलीं.

१८७५ सालीं ती अमेरिकेला परतली. त्याच सुमारास शिकागो शहरांत चार स्त्रिया एका घरीं जमून दोन पियानोंवर आठ हातांचें वादन करूं लागल्या होत्या. येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. ग्रामोफोनच्या आधीं बेथोव्हेनची सिंफनी ऐकावयाची तर वाद्यवृंद गांवीं येईपर्यंत थांबावें लागे, नाहींतर तिची पियानोकरितां केलेली मांडणी घरीं वाजवावी लागे. आठ हातांच्या मांडणींत प्रत्येकीच्या वांट्याला थोडाच भाग येतो, त्यामुळें गंजलेल्या बोटांनाहि तो पेलतो. त्याहून महत्त्वाचें असें, कीं एकटा वाजविणारा चुकला म्हणजे थांबतो, मागें जातो, आणि तीच चूक पुन्हा घोटतो. चौघी मिळून वाजवीत असतां थांबण्याची सोय नाहीं. चूक झाली तरी लय चालू असते, आणि पुढच्या मात्रेवर तिला गांठावेंच लागतें. लाज बाळगावयास तेथें सवडच नसते. एकांतांतल्या कित्येक तासांच्या रियाजानें जें साधत नाहीं, तें अशा एका बैठकींत साधून जातें.

या चौघींच्या बैठकींतून 'ॲमेच्युअर म्युझिकल क्लब' उभा राहिला. अशाच मंडळ्या अमेरिकेच्या गांवोगांवीं निघाल्या. त्यांतील पुष्कळ स्त्रिया लग्नापूर्वीं वादन शिकून नंतर तें सोडून दिलेल्या होत्या. आठवड्या-पंधरवड्यास जमावें, पाळीपाळीनें वाजवावें, एखादीनें एखाद्या संगीतकारावर निबंध वाचावा, असा त्यांचा क्रम असे. १८९३ सालीं शिकागोस भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं एमी फेची बहीण रोझ फे टॉमस हिनें या मंडळ्यांचें संमेलन भरविलें. त्याच प्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेमुळें आणि स्वामी विवेकानंदांमुळें तें वर्ष आपल्या वाचकांच्या ओळखीचें आहे. १८९८ सालीं या मंडळ्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. मिसेस एल्टनची सूचना ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनीं अशी फळाला आली.

विसाव्या शतकांत या चळवळीपुढें नवें संकट आलें. १९०९ सालीं अमेरिकेंत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. पुढें ग्रामोफोन आणि रेडिओ यांनीं संगीत घरबसल्या आणून दिलें, आणि तें स्वतः निर्माण करण्याची गरज उरली नाहीं. तरीहि, किंबहुना त्यामुळेंच, पियानोच्या सामुदायिक वर्गांना जोर आला. १९३० नंतरच्या दशकांत कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांत रेमंड बरोज यानें प्रौढांचे वर्ग चालविले. १९५६ सालीं इंडियाना संस्थानांतील बॉल स्टेट येथें विजेच्या पियानोंची प्रयोगशाळा निघाली. प्रत्येकाच्या कानांवर श्रवणयंत्र. एका दालनांत सर्व असूनहि ज्याचें त्यालाच ऐकूं जाई, आणि शिक्षक हवा तेव्हां एकेकाशीं बोलूं शके. लोजियेच्या दालनांतील कलकल अशी शमली. १९९९ सालीं टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें पस्तीस वर्षांवरील हौशी वादकांसाठीं क्लायबर्न संस्थेनें आंतरराष्ट्रीय स्पर्धाहि भरविली. स्पर्धा आणि मंडळी यांचा धर्म एक नव्हे. पण हौशी प्रौढाचें वादन ऐकण्याजोगें आहे, हें तिनें मान्य करविलें.

मंडळीच्या आश्रयानें प्रौढांनीं संगीताकडे वळावें, हा प्रकार आपल्याकडेहि त्याच काळीं घडत होता. फक्त वाद्य निराळें होतें. मुंबईंत १८७० सालीं कैखुशरू काबराजी यांनीं पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली, आणि १८७४ सालीं पुण्यांत गायन समाज निघाला. १८८४ सालीं त्या मुंबईच्या मंडळींत एक चोवीस वर्षांचा तरुण सभासद झाला. तो पुढें वकील झाला. पण त्याचें नांव राहिलें तें संगीतशास्त्रांत. ते विष्णु नारायण भातखंडे होत. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून अनेकांना एकत्र, ठराविक क्रमानें शिकविण्याचा पायंडा पाडला, तेव्हां त्यांच्यावर झालेले आक्षेप लोजियेवरील आक्षेपांच्याच जातीचे होते. वर्गांत गवई तयार होत नाहीं, असें तेव्हां म्हणत आणि आजहि म्हणतात.

हा आक्षेप खोटा नाहीं. मंडळींत दोष झांकले जातात, परस्परांची स्तुति स्वस्त होते, आणि बोटाचा एखादा बारीक दोष काढावयाचा तर एकट्या शिष्यासमोर बसलेला डेपेसारखा शिक्षकच लागतो. परंतु हा आक्षेप घेणारे एक गृहीत धरून चालतात, कीं शिकण्याचा हेतु गवई किंवा वादक होणें एवढाच. शिकागोच्या त्या चौघींना जगप्रसिद्ध व्हावयाचें नव्हतें. आपल्या हातांतून जें एकदां निघत होतें तें पुन्हा निघावें, आणि तें ऐकणारें कोणी असावें, एवढीच त्यांची अपेक्षा होती. उत्तम शिक्षक विद्या देतो, पण सोडून गेलेल्याला परत बोलवावयास तो सहसा जात नाहीं. तें काम मंडळीनेंच केलें आहे. ज्या समाजांत गाणें केवळ निवडक धंदेवाल्यांचें होतें आणि बाकीचे सर्व श्रोते उरतात, तेथें श्रोतेहि हळूहळू कच्चे पडतात. कारण स्वतःच्या बोटांनीं एकदां अडखळल्यावांचून दुसऱ्याच्या बोटांची सफाई पुरती कळत नाहीं. आपल्याकडे कपाटावर चढवून ठेवलेल्या पेट्या आणि खोळींत गुंडाळलेले तंबोरे कांहीं थोडे नाहींत. ते खालीं काढावयास आधीं उस्ताद मिळालाच पाहिजे असें नाहीं. तशाच अवस्थेंतील आणखी तिघे शेजारी मिळाले, तरी आरंभ होऊं शकतो.