सरबत झालं, साली टाकू नका! लिंबाच्या सालीचं गोड लोणचं

बेळगाव : उन्हाळ्यात घरोघरी सरबतासाठी लिंबं पिळली जातात आणि साली कचऱ्यात जातात. खरं तर पैसे आपण अख्ख्या लिंबाचे मोजलेले असतात. याच सालींचं आंबट-गोड लोणचं उपवास सोडून एरवी रोजच्या पोळी-भाकरीला, दहीभाताला छान लागतं. मात्र अनेकांची तक्रार असते, की ते कडू होतं किंवा त्याला बुरशी येते. कारण साधं आहे. लिंबाचं लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबट रसामुळे. पिळलेल्या सालीत रसच उरत नाही. म्हणून तो वेगळा घालावा लागतो.

साहित्य
पातळ सालीच्या पिवळ्या लिंबांच्या साली अर्धा किलो, ८ ते १० लिंबांचा रस, मीठ १०० ग्रॅम, गूळ अर्धा किलो, हळद अर्धा चमचा, मिरचीपूड ३ चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड १ चमचा, लवंगा ५-६, दालचिनीचा तुकडा, तळलेल्या मेथीची पूड पाव चमचा, हिंग. रंग हवा आणि तिखटपणा कमी, तर ब्याडगी मिरची घ्यावी.

कृती
लिंबं पिळण्याआधीच धुऊन, पुसून कोरडी करावीत. सालीतल्या बिया काढून टाकाव्यात, त्या कडू असतात. सालींच्या बारीक फोडी करून त्यात मीठ, हळद, रस कालवून काचेच्या बरणीत भराव्यात. ८-१० दिवस उन्हात ठेवून रोज हलवावं. साल बोटाने दाबली की तुटली पाहिजे. ती मऊ होण्याआधी गूळ घातला तर चिवटच राहते.

मग स्टीलच्या पातेल्यात गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. त्यात फोडी खारासकट घालून मंद आचेवर शिजवाव्यात. पाक चमच्याला चिकटू लागला की गॅस बंद. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, त्यामुळे जास्त आटवू नये. शेवटी मसाले घालावेत.

हे लक्षात ठेवा
- आंबट आणि खारट पदार्थ ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात करू नये.
- साली रोज थोड्या थोड्या जमत असतील तर त्याच दिवशी मीठ आणि रस लावून बरणीत टाकाव्यात. तशाच उघड्या ठेवू नयेत.
- बरणी आणि चमचा कोरडा हवा.
- बुरशी दिसली तर वरचा थर काढून बाकीचं खाऊ नये, सगळं टाकून द्यावं.
- मीठ आणि गूळ दोन्ही भरपूर असल्याने मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावं.

आठवडाभर मुरू द्यावं, मग ताटात वाढावं.