मिश्रीची डबी आणि आवळा

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजता मोजता एका काकूंनी विचारलं, "मिश्री काही सुटत नाही. रोज आवळा खाल्ला तर तिचं विष उतरतं का?" त्यांची सून पाच महिन्यांची गरोदर, तीही मिश्री लावते. आम्हाला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, विचारलं. तेच आज सांगतो.

तंबाखू मुळात आपली नव्हेच. पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून आणली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला, त्याने ती तिथे पाहिली आणि बादशहापुढे नेली. म्हणजे दख्खनची तिच्याशी ओळख आग्र्याच्या दरबाराआधीची! पुढे ती आपल्या तव्यावर भाजली गेली आणि दात घासायची मिश्री झाली. तिच्यातलं निकोटीन वेगळं काढलं १८२८ साली, जर्मनीत.

हे निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं. वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडतं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये छापून आला. तंबाखू, त्यातही बहुतेक मिश्री वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तातलं विष मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतं आणि मूत्राशयात साचून राहतं. तिथल्या कर्करोगाचं ते मोठं कारण. पुरुषाचं बीजही त्याने कमजोर होतं, पण मूल होत नाही म्हणून बोल खायचे ते सुनेनेच!

आता आवळा. तंबाखूने पेशी लोखंडासारख्या गंजतात म्हणा ना. आवळा-पेरूतलं क जीवनसत्त्व हा गंज थोडा आवरतं. निकोटीन दिलेल्या उंदरांमध्ये अशा जीवनसत्त्वांनी मूत्रपिंडाचं, वृषणाचं नुकसान काहीसं कमी झालेलं दिसलं. पण माणसांचं ऐका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना गाजरात असतं त्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा सोडून १८ टक्क्यांनी वाढला होता.

काकूंना हे सगळं सांगितलं. "मग आवळा खायचा की नाही?" त्यांनी विचारलं. खायचा की, रोज खावा. पण तो डबीची भरपाई करत नाही.

सुनेने डबी सासूकडे देऊन टाकली, आज नववा दिवस. सासूबाईंची स्वतःची मात्र अजून कमरेलाच आहे.