दम्याच्या नव्या औषधाची ट्रायल : सही करण्याआधी काय विचाराल?

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर पट्ट्यात पाचट पेटतं, उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ उडते आणि दमेकऱ्यांच्या खिशातला पंप जास्त वेळा बाहेर निघतो. अशात डॉक्टर म्हणाले, "नव्या औषधाची ट्रायल आहे, सगळं मोफत आहे, भाग घेता का?" तर हो म्हणायचं की नाही?

ट्रायल म्हणजे नेमकं काय?

ट्रायल हे संशोधन असतं, नेहमीचा उपचार नाही. औषध लागू पडतं का आणि ते सुरक्षित आहे का, हेच त्यातून शोधायचं असतं. नवं औषध कोणाला, जुनं कोणाला आणि औषध नसलेला प्लासिबो कोणाला, हे अनेकदा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं.

फायदा आणि धोका

अमेरिकेत 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत दम्याच्या २६ हजारांहून अधिक रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत सालमेटेरॉल किंवा प्लासिबो दिला गेला. दम्यामुळे झालेले मृत्यू सालमेटेरॉल गटात १३, तर प्लासिबो गटात ३ होते. २००३ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. दम्यात हे औषध एकटं न देता स्टिरॉइडसोबतच द्यावं, हा नियम आज पाळला जातो. तुमच्या पंपात ते स्टिरॉइडसोबत असेल, तर हे वाचून पंप बंद करू नका.

दुसरी बाजूही आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हे रसायन हुंगल्यानंतर २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. नामांकित संस्था असली तरी धोका शून्य नसतो.

कायदा तुम्हाला काय देतो?

भारतात 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम, २०१९' लागू आहेत. त्यानुसार :

- माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवी. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो.
- कधीही बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत.
- चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. म्हणूनच संमतीपत्रात वारसाचं नाव विचारतात.
- सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी.

हे प्रश्न विचाराच

१. ट्रायल कितव्या टप्प्यातली आहे? पहिल्या टप्प्यात औषध माणसांवर नुकतंच तपासलं जात असतं, तिसऱ्यात बरीच माहिती हाताशी असते.

२. माझा सध्याचा पंप बंद करावा लागेल का? दम्यात हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. 'हो' असेल, तर किती दिवस आणि अटॅक आला तर काय करायचं, हे लिहून घ्या.

३. रात्री दोन वाजता धाप लागली तर फोन कोणाला? केंद्र पुण्यात असेल तर बारामतीहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे, इंदापूरहून त्याहून जास्त. जवळचं रुग्णालय आधीच ठरवा.

४. येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? तोडणीच्या दिवसांत मजुरी बुडाली तर?

५. ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहील का? नियमांत काही अटींवर मोफत देण्याची तरतूद आहे, पण ती सरसकट नाही.

खरी ट्रायल कशी ओळखायची?

नोंदणी क्रमांक मागा. जून २००९ पासून प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत नोंद बंधनकारक आहे. तिची वेबसाइट कुणालाही मोफत पाहता येते. नैतिक समितीचा संपर्कही माहितीपत्रात असायला हवा. भाग घेण्यासाठी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

मग ठरवायचं कसं?

सध्याच्या औषधांवर दमा आटोक्यात असेल, तर घाई कशाला? पंप नियमित आणि नीट घेऊनही वारंवार अटॅक येत असतील, तर विचार करण्यासारखं आहे. दोन्ही वेळी कागद घरी न्या, घरच्यांना वाचून दाखवा आणि ट्रायलशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना विचारा. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. "आजच सही करा" असा आग्रह झाला, तर सही करू नका.