राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदार-खासदारांवर व्हिप का चालत नाही?

राष्ट्रपतीपदाची निवडणूक आली की सोशल मीडियावर दोन गोष्टी हमखास फिरतात. एक, 'अमुक पक्षाची मतं फुटली'. दुसरी, 'पक्षाविरुद्ध मत देणाऱ्यांची आमदारकी काढून घ्या'. पहिली बातमी बऱ्याचदा खरी असते. दुसरी मागणी मात्र कायद्यात बसत नाही.

मग या निवडणुकीत पक्षनिष्ठेला काही किंमत आहे की नाही?

आधी कायदा काय सांगतो?

राष्ट्रपतींना निवडतात ते लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. विधान परिषदेच्या आमदारांना आणि नामनियुक्त खासदारांना मत नसतं. सगळ्यांच्या मताची किंमतही सारखी नसते. 2022 मध्ये एका खासदाराच्या मताचं मूल्य 700 होतं, महाराष्ट्राच्या आमदाराचं 175 आणि गोव्याच्या आमदाराचं 20. आमदाराच्या मताचं मूल्य 1971 च्या जनगणनेतल्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं, म्हणून हा फरक.

आता व्हिपचं बघू. पक्षांतरबंदी कायदा 1985 साली आला. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, पण ते सभागृहातल्या मतदानासाठी. राष्ट्रपतीची निवडणूक हे सभागृहाचं कामकाजच नाही. मतदान विधानभवनात होत असलं तरी ती निवडणूक आयोगाने घेतलेली स्वतंत्र निवडणूक असते. त्यामुळे इथे व्हिप लागू होत नाही.

शिवाय मतदान गुप्त असतं. राज्यसभेच्या निवडणुकीत 2003 पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. इथे तसं काही नाही. म्हणजे मत फुटलं हे आकड्यांवरून कळतं, कोणाचं फुटलं हे मतपत्रिकेवरून कळत नाही.

मग पक्षाच्या हातात काय उरतं?

उमेदवारी. अर्ज भरायला 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात, तेही मतदार असलेले आमदार-खासदारच. मोठ्या पक्षाची साथ नसेल तर एवढ्या सह्या जमवणं जवळपास अशक्य. म्हणजे मत देताना आमदार मोकळा असतो, पण कोणामधून निवडायचं हे पक्षांनी आधीच ठरवलेलं असतं.

1969: पंतप्रधानच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध

या प्रश्नाची सगळ्यात मोठी परीक्षा झाली 1969 साली. मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळुरूच्या बैठकीत नीलम संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते नको होतं, पण मंडळात त्या अल्पमतात गेल्या. यशवंतराव चव्हाणही तेव्हा रेड्डींच्या बाजूने होते.

पक्षातल्या ज्येष्ठांचा गट आपल्याला घेरतोय, असं इंदिरा गांधींना वाटत होतं. तिकडे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने चिंतामणराव देशमुखांना उभं केलं. हे तेच देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रीपद सोडलेले.

काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. इंदिरा गांधींना नेमकं हेच हवं होतं. पक्षाचे अध्यक्षच विरोधकांशी बोलणी करतात, मग निष्ठा कोणाशी ठेवायची? त्यांनी रेड्डींसाठी व्हिप काढायला नकार दिला आणि सदसद्विवेकबुद्धीने मत द्या, असं आवाहन केलं.

मतदान झालं 16 ऑगस्टला. पहिल्या पसंतीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि देशमुखांना 1,12,769 मतमूल्य मिळालं. जिंकायला हवे होते 4,18,169. कोणीच तिथवर पोचलं नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मतं मोजली गेली. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे वळली, पण गिरी 4,20,077 वर पोचले आणि रेड्डी 4,05,427 वर थांबले. दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती ठरल्याची देशातली ही एकमेव वेळ.

कोणाचीही खासदारकी गेली नाही. पक्ष मात्र फुटला. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींची काँग्रेसमधून हकालपट्टी झाली आणि एका काँग्रेसच्या दोन काँग्रेस झाल्या.

शिवसेनेने तीनदा आघाडी सोडून मत दिलं

2007 मध्ये शिवसेना भाजपसोबत एनडीएत होती. एनडीएचा पाठिंबा भैरोंसिंह शेखावत यांना होता. बाळासाहेब ठाकरेंनी मात्र काँग्रेस आघाडीच्या प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला. कारण सरळ होतं: मराठी व्यक्ती राष्ट्रपती होतेय. 2012 मध्येही सेनेने एनडीएतल्या भाजपची साथ सोडून प्रणव मुखर्जींना मत दिलं. 2022 मध्ये उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत असताना त्यांनी भाजपप्रणीत आघाडीच्या द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला.

यात एक फरक लक्षात घ्यायला हवा. 1969 ला मतदारांनी पक्षाला डावललं होतं. इथे पक्षानेच आघाडीला डावललं. तिन्ही वेळा आघाडी मात्र त्या कारणाने मोडली नाही.

निष्ठावान उमेदवार निष्ठावान राष्ट्रपती होतो का?

पक्ष आपला माणूस निवडतात, कारण पुढची पाच वर्षं त्याच्या सहीला महत्त्व असतं. फखरुद्दीन अली अहमद यांनी 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. तिथे पक्षाचा अंदाज बरोबर ठरला.

पण प्रत्येक वेळी तसं झालं नाही. ग्यानी झैलसिंग इंदिरा गांधींचे कट्टर निष्ठावंत मानले जायचे. राजीव गांधींच्या काळात लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक आलं, तेव्हा त्यांनी त्यावर सहीच केली नाही. के. आर. नारायणन काँग्रेसमधूनच वर आले होते. 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी मंत्रिमंडळाकडे परत पाठवली. तेव्हा केंद्रातलं गुजराल सरकार काँग्रेसच्याच पाठिंब्यावर उभं होतं.

थोडक्यात, पक्षनिष्ठा उमेदवार ठरवते आणि बहुतेक वेळा निकालही ठरवते. पण ती मतपेटीपर्यंत न्यायची की नाही, हे घटनेने प्रत्येक आमदार-खासदारावर सोडलं आहे. त्यामुळे पुढच्या वेळी 'मतं फुटली' असा मेसेज आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यात कायदा मोडलेला नसतो. आणि पक्षाने ठरवलेला उमेदवार राष्ट्रपती भवनात जाऊन पक्षाचाच राहील, याचीही खात्री नसते.